बिअरला लोण्याचा वास

धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं, हे प्रफुल्ल गजभियेला कॅनडात येऊन शिकावं लागलं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या एका सहकारी दूध संघात चौदा वर्षं गुणवत्ता तपासणीत काढलेला माणूस तो. डोळ्यांना दिसते ती घाण आधी काढायची, न दिसणारे जंतू नंतर मारायचे. घाणीवरच औषध ओतलं तर वरचे जंतू मरतात आणि खालचे सुखाने संसार करतात. हे त्याने तिथे कितीतरी नव्या पोरांना सांगितलं होतं. आता ग्वेल्फमधल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, तो तेच मनातल्या मनात म्हणत असे; आणि दुपारनंतर पाठ भरून आली की म्हणणंही सोडून देत असे.

दुकान होतं घरगुती बिअर आणि वाइन करणाऱ्यांचं. घरी जागा नाही, भांडी नाहीत, बायको वास सहन करत नाही, अशी मंडळी तिथे येत. आपल्याला हवा तो माल निवडायचा, यीस्ट मात्र स्वतःच्या हाताने टाकायचं; कायद्याने ते दुसऱ्याने टाकलेलं चालत नाही. तीन आठवड्यांनी येऊन आपल्या बाटल्या आपण भरायच्या आणि गाडीत घालून न्यायच्या. मधलं सगळं दुकानाने सांभाळायचं. दुकान म्हणजे दोन माणसं, मालक ग्लेन आणि प्रफुल्ल. बोलणं ग्लेनकडे, धुणं प्रफुल्लकडे.

धुणं मुख्यतः कार्बॉयचं. कार्बॉय म्हणजे तेवीस लिटरची जाड काचेची सुरई. पोट घागरीसारखं, मान मुठीएवढी. हात आत जात नाही, म्हणून लांब दांड्याचा वाकडा ब्रश घालून खांद्यापासून जोर लावावा लागतो. बिअर आंबताना वर चढलेला यीस्टचा फेस मानेखाली सुकून तपकिरी पट्टा धरतो, दुधाच्या पातेल्याला खरवड धरते तसा. तो गुलाबी पावडरच्या पाण्यात भिजवायचा, घासायचा, नळीने तीनदा खळखळून धुवायचा. ही झाली सफाई. मग जंतुनाशक आम्लाचं पाणी आत ओतून कार्बॉय गोल गोल फिरवायचा. आत पांढरा फेस होतो. ते पाणी ओतून द्यायचं, कार्बॉय लाकडी घोडीवर उलटा ठेवायचा, आणि बस्स. उरलेला फेस तसाच राहू द्यायचा. त्यानंतर पाण्याचा थेंब लावायचा नाही. हा नियम ग्लेनने ठळक अक्षरांत लिहून मोरीच्या वर भिंतीला चिकटवला होता आणि पहिल्या दिवशी त्यावर बोट ठेवून वाचून दाखवला होता.

"फेसाला घाबरायचं नाही, प्रॅफ." ग्लेनला पूर्ण नाव जमत नसे. "तो फेस आपला वॉचमन आहे. पाणी घातलंस की वॉचमनला घरी पाठवलंस."

प्रफुल्लने मान हलवली. पहिला आठवडा नियम पाळलाही. दुसऱ्या आठवड्यात त्याच्याने राहवेना. फेस असलेल्या भांड्यात माणसांनी प्यायची वस्तू ओतायची, हे त्याच्या हातांना पटेना. त्याच्या घरी ताटाला साबणाचा फेस दिसला तर आई ते ताट न वाढता पुन्हा धुवायला टाकायची. दूध संघात सोडा असो, आम्ल असो, शेवटचं पाणी स्वच्छ असायचंच. त्या पाण्याची तो स्वतः लिटमस कागदाने परीक्षा घ्यायचा. आम्लाच्या कॅनवर डोळ्यांत गेल्यास काय करायचं ते लिहिलं होतं. डोळ्यांत जाऊ नये ते पोटात कसं जाऊ द्यायचं? म्हणून ग्लेन पुढे गिऱ्हाइकांशी बोलत असला की प्रफुल्ल मागे प्रत्येक कार्बॉयमध्ये नळीचा एक झपकन फवारा मारायचा, फेस गेला की त्याच्या जिवाला बरं वाटायचं, आणि मग त्या कार्बॉयच्या कार्डावर 'निर्जंतुक केले' याच्यापुढे आपल्या नावाची दोन अक्षरं लिहायचा.

चार महिने काही झालं नाही.

त्या जानेवारीत, म्हणजे २००७ च्या, त्याच्या डोक्यात कार्बॉयपेक्षा दुसरंच होतं. गावाबाहेरच्या चीजच्या कारखान्यात लॅब टेक्निशियनची जागा निघाली होती. कॅनडात आल्यापासूनच्या दीड वर्षात अर्ज किती केले हे मोजणं त्याने सोडलं होतं. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही. दुधाला कोणता देश कळतो, हे विचारायची सोय नव्हती. या वेळी मात्र त्याला इंटरव्ह्यूला बोलावलं. दूध नासल्याचं कसं ओळखाल म्हणून विचारलं, तेव्हा तो इतकं बोलला की समोरची बाई लिहायची थांबली. शेवटी ती म्हणाली, "आता फक्त तुमच्या सध्याच्या मालकाशी बोलू. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला फोन करते."

ग्लेनने खांद्यावर थाप मारली. "सांगतो त्यांना, या जिल्ह्यात तुझ्यापेक्षा स्वच्छ माणूस नाही म्हणून."

सगळं त्या फोनवर येऊन थांबलं होतं.

घरी बायको दीपा आणि अकरा वर्षांची ईशानी. घर म्हणजे एका पोर्तुगीज कुटुंबाच्या घराचं बेसमेंट, दोन खोल्या, छताजवळ आडव्या खिडक्या, त्यातून बर्फ आणि लोकांचे बूट दिसत. दीपा नागपूरला शाळेत विज्ञान शिकवायची. इथे म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये जेवण भरवायची, चादरी बदलायची. संध्याकाळी दोघं घरी आली की आधी कोण बसणार एवढाच प्रश्न असायचा. ईशानी वडिलांचा कोट खुंटीला लावताना नाक मुरडायची. "बाबा, यू स्मेल लाइक ब्रेड."

"काम करून राहिलो ना बाप्पा," तो म्हणायचा. "वास तर येईनच."

प्रफुल्ल स्वतः दारू पीत नव्हता. पंचशील त्याच्या घरात वडिलांपासून होतं. रविवारी सकाळी आजही तो ईशानीला समोर बसवून म्हणायचा, पाचवं शीलही म्हणायचा, आणि सोमवारी बसने बिअरच्या दुकानात जायचा. याचा त्याला त्रास होई, पण तो त्रास वेगळा काढून ठेवायला त्याच्याकडे वेळ नसे. टोरांटोकडच्या आंबेडकर असोसिएशनचे भीमराव काका फोन करायचे. "जय भीम प्रफुल्ल. येऊन नाही राहिला तू वंदनेला? काय चालू आहे काम?" तो म्हणायचा, "फूड सॅनिटेशनमध्ये आहे, काका." काका म्हणायचे, "वा! मोठं काम आहे!" आणि त्याला फोन ठेवायची घाई व्हायची.

न पिण्याचा कामाशीही संबंध होता. बिअर एका कार्बॉयमधून दुसऱ्यात उतरवताना ग्लेन घोटभर चाखून पाहायचा. प्रफुल्ल फक्त नाक लावायचा. ते नाक साधं नव्हतं. दूध संघाच्या फलाटावर कॅनचं झाकण उघडून तो पहिल्या श्वासात सांगायचा, हे ठेवा, ते परत. ज्या तालुक्यात त्याच्या आजोबांच्या हातचं पाणी कोणी घेत नसे, त्या तालुक्याचं सगळं दूध चौदा वर्षं त्याच्या सहीशिवाय पुढे सरकत नव्हतं. त्या सहीचा त्याने कधी गाजावाजा केला नाही. पण नाकावर त्याचा विश्वास होता.

आणि त्या नाकानेच त्याला फसवलं.

नाताळात दुकान दहा दिवस बंद होतं. उघडल्यावर पहिल्याच दिवशी त्याने सहा कार्बॉय धुतले. ते सहाही जोआनचे. जोआन म्हणजे स्कूलबस चालवून निवृत्त झालेली, मोठ्या आवाजाची, मोठ्या हसण्याची बाई. तिच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता आणि फार्मवर शंभर माणसं यायची होती. दहा दिवसांनी ते सहा कार्बॉय उतरवताना प्रफुल्लला वास आला. लोण्याचा. रात्रभर आंबलेल्या सायीचं ताक घुसळताना वर येणाऱ्या ताज्या लोण्याचा. तो तिथेच थांबला. दूध संघात विरजणाच्या खोलीचं दार उघडलं की हाच वास यायचा. तो वास आला म्हणजे विरजण जमलं. इथे दुकानात चार महिन्यांत त्याला यीस्ट, रबर, ओला पुठ्ठा आणि ग्लेनची कॉफी याखेरीज वास माहीत नव्हता. त्याने दुसऱ्या कार्बॉयला नाक लावलं, तिसऱ्याला लावलं. सगळीकडे लोणी. त्या दिवशी पाठ कमी दुखली.

घरी आल्यावर दीपाला सांगितलं तर ती हसली. "बिअरला लोण्याचा वास? थकलात तुम्ही. आता पराठ्याला बिअर लावू का?"

"नाही, खरंच. एकदम आपल्या संघासारखा."

"मग घेऊन यायचं वाटीभर."

पुढचे दिवस तो मुद्दाम त्या सहा कार्बॉयांजवळून जायचा. कामाच्या जागी एखादा जुना दोस्त भेटावा तसं ते होतं.

गुरुवारच्या फोनच्या आधीचा सोमवार. दीपाने जेवताना दह्याचं भांडं पुढे ठेवलं आणि चमचा वर उचलला. दही चमच्याला सोडेना. लांब, चकाकती तार लोंबत राहिली.

"बघा, तार सुटली. विरजण बिघडलं. फेकून देते."

प्रफुल्ल त्या तारेकडे बघत राहिला. त्याचा घास हातातच राहिला.

"काय झालं? काहून बोलून नाही राहिले?"

"काही नाही," तो म्हणाला. पण त्याला कळून चुकलं होतं. लोण्याचा वास काही जंतू करतात. दह्यात ते घरचे पाहुणे, बिअरमध्ये ते चोर. बिअरला लोण्याचा वास यायचं काही कारणच नव्हतं. हे पुस्तकात त्याने कधीतरी वाचलंही होतं, पण नाकाला घरची आठवण झाली आणि डोकं घरी निघून गेलं.

मंगळवारी सकाळी ग्लेन यायच्या आत त्याने काचेच्या लांब नळीने एका कार्बॉयमधला नमुना काढला आणि थेंब थेंब सोडून पाहिला. तिसरा थेंब सुटला नाही. तार आली. वासाच्या मागे आंबट झाक होती. ती आज स्पष्ट कळत होती. त्याने सहाही पाहिले. सहाही तसेच.

मग तो मोरीजवळ गेला आणि नळीचं टोक फिरवून काढलं. आत बोट घातलं. बुळबुळीत. पांढुरका, शेवाळासारखा थर बोटाला आला. दहा दिवस पाणी गरम करायच्या टाकीशेजारी ही नळी कोमट पाण्याने भरून पडली होती. सुट्टीनंतर त्याच नळीने त्याने सहा कार्बॉय आम्लानंतर धुतले होते. आम्लाच्या आधीच्या पाण्यातले जंतू आम्लाने मारले असते. नंतरच्या पाण्यावर कोणाचाच पहारा नव्हता. वॉचमनला त्याने स्वतः घरी पाठवलं होतं. स्वच्छतेपायी.

तो उलट्या बादलीवर बसला. राग आला नाही, रडूही नाही. फक्त एवढा थकवा आला की बूट पायांपेक्षा जड वाटले.

ग्लेन आला तो शिंकत. तीन दिवस त्याला सर्दी होती, नाक लाल गाजर झालं होतं. उद्या अकराला जोआन बाटल्या भरायला येणार म्हणून त्याने सहापैकी एकाचा घोट घेतला, ओठ चाटले आणि म्हणाला, "मस्त. निदान मला तरी मस्तच लागतेय. आज मला रंगाचा डबा दिला तरी मस्त लागेल."

म्हणजे माहीत फक्त प्रफुल्लला होतं.

संध्याकाळी त्याने दीपाला सगळं सांगितलं. ती ओट्याशी उभी होती, पाठमोरी. ऐकून झाल्यावर तिने गॅस बंद केला.

"गुरुवारी फोन आहे," ती म्हणाली.

"हो."

"आज मंगळवार."

"हो ना."

"मग दोन दिवस तोंड बंद ठेवा. फोन होऊ द्या. शुक्रवारी सांगा, पाय धरा त्याचे, काय वाटेल ते करा. मी काही खोटं बोला नाही म्हणत. फक्त शुक्रवारी बोला म्हणते."

"बाटल्या उद्याच भरतील."

"भरू द्या. आंबट लागली तर ओतून देतील. कोणी मरते का?"

"जंतू बाटलीत थांबत नाहीत, दीपा. साखर खात राहतात, गॅस करत राहतात. दोन आठवड्यांनी तिच्या घरात बाटल्या फुटतील. काच उडेल."

दीपाने ओटा पुसून घेतला. मग म्हणाली, "तुम्हाला एवढं सगळं कळते, तर भिंतीवर लिहिलेलं काहून नाही कळलं?"

तिने ताटं घेतली. जेवताना ईशानीने शाळेतल्या स्केटिंगच्या ट्रिपचं इंग्रजीत सांगितलं आणि दोघांनीही चुकीच्या जागी मान हलवली.

बुधवारी बसमध्ये त्याने स्वतःशी हिशेब घातला तो असा. आज गप्प राहिलो तर परवा लॅबमध्ये दूध तपासायला मिळेल. तिथे पहिल्याच टँकरचं झाकण उघडल्यावर आपण कोणत्या तोंडाने म्हणणार, हे परत न्या? फलाटावर गयावया करणाऱ्या दूधवाल्यांना त्याने कधी सवलत दिली नव्हती. साहेब, आजच्या दिवस घ्या, उद्यापासून नाही होणार. तो म्हणायचा, दूध आजचं आहे ना? मग उद्याचं काय सांगता? ते आठवून त्याला बरं वाटलं नाही. उलट त्या माणसांचे चेहरे एकेक करून आठवले.

ग्लेन काउंटरमागे रुमालात नाक खुपसून बसला होता.

"ग्लेन, जोआनची बिअर खराब झालीय."

"काय?"

"सहाही. जंतू शिरलेत. बाटल्यांत भरली तर फुटतील."

"मी काल चाखली."

"तुझं नाक बंद आहे."

ग्लेन उठला, मागे आला, प्रफुल्लने थेंब सोडून तार दाखवली तेव्हा त्याने वाकून दोनदा पाहिलं. "जीझस," तो म्हणाला. "माल्ट! नाताळाआधी आलेला तो माल्टचा माल खराब असणार. थांब, त्या सप्लायरला फोन लावतो. गेल्या वर्षीही—"

त्याने खरंच फोन उचलला. प्रफुल्लला वाटलं, लावू द्यावा. देवाने दार उघडून दिल्यासारखं होतं ते, देवावर विश्वास नसलेल्या माणसालासुद्धा.

"माल्ट चांगला आहे," तो म्हणाला. "मी धुतले कार्बॉय."

"धुवायलाच ठेवलंय तुला."

"आम्लानंतर. पाण्याने. फेस काढायला."

ग्लेनने फोन ठेवला. "एकदा?"

"नेहमी."

"नेहमी म्हणजे?"

"सप्टेंबरपासून."

ग्लेन भिंतीकडे वळला आणि तिथल्या कागदाकडे बघत उभा राहिला, जणू त्यावर आपण दुसरंच काही लिहिलं नाही ना हे तपासावं. "हे वाचता येतं तुला?"

"येतं."

"मग?"

"मला वाटलं, तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं."

हे वाक्य बोलल्यावर प्रफुल्लला कळलं की खरं कारण हेच होतं. आई, ताट, कॅनवरची सूचना, सगळं खरं. पण त्याखाली हे होतं. एवढं शिकून, चौदा वर्षं सही करून, कोणा एका दुकानदाराच्या कागदाचं आपण ऐकायचं, हे त्याला पचलं नव्हतं. तो फवारा मारताना रोज एक क्षण तो पुन्हा दूध संघातला साहेब व्हायचा.

ग्लेन शिंकला, शिवी दिली, पुन्हा शिंकला. "ती येईल आता. तूच सांग तिला."

जोआन दोन दीर आणि रिकाम्या बाटल्यांनी भरलेली पिकअप घेऊन आली. प्रफुल्लने तिला काउंटरवरच सांगितलं. नळी, पाणी, आपली चूक. तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"म्हणजे माझ्याकडे सहा पिंप लोणी आहे?"

"खराब लोणी, मॅडम."

"हनी, मी या दोघांना सकाळी सहाला उठवून आणलंय." तिने मागच्या दिरांकडे अंगठा केला. ते दोघं बर्फाळ बुटांनी पायपुसण्यावर उभे होते. "ह्यांना काय पाजू आता, चहा?"

ग्लेन पुढे झाला, पुढच्या सहा खेपा आपल्याकडून म्हणाला. वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता; नवी बिअर वेळेत होणार नव्हती. ती ओरडली नाही. मोठ्याने हसलीही नाही, आणि तिचं न हसणंच त्या दुकानात ओरडण्यासारखं वाटलं. "बाजारातूनच आणते मग," म्हणाली आणि गेली. पिकअपमधल्या रिकाम्या बाटल्यांचा खणखणाट वळणापर्यंत ऐकू येत होता.

उरलेला दिवस प्रफुल्लने एकशे अडतीस लिटर बिअर मोरीत ओतली. कार्बॉय भरलेला असला की तो एकट्याला उचलत नाही. तिरपा करून, गुडघा लावून, भडभड आवाज ऐकत धरून ठेवावा लागतो. वास मोरीभर पसरला. त्याला आता त्यात लोणी सापडत नव्हतं, नुसतं आंबलेलं. नंतर त्याने नळी कापून फेकली, नवी लावली, सहाही कार्बॉय गुलाबी पावडरमध्ये बुडवले. ग्लेन दिवसभरात त्याच्याशी एकच वाक्य बोलला, "झाकण लाव त्या पावडरला."

गुरुवारी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. प्रफुल्लने ब्रश थांबवला नाही, फक्त हळू केला.

"हो, मीच मालक," ग्लेन म्हणाला. "सप्टेंबरपासून... वेळेवर? बस चुकली तर चालत येतो... नाही, दांडी नाही... हो, कष्टाळू. फार." मग तिकडून काही विचारलं गेलं होतं. "हे बघा," ग्लेन म्हणाला, आणि उठून त्याने दार लावून घेतलं.

फोन संपल्यावर तो मागे आला आणि दाराच्या चौकटीला टेकला. "तिने विचारलं, लिहिलेली पद्धत जशीच्या तशी पाळतो का. मला खोटं बोलता आलं असतं, प्रॅफ. काल तू खोटं बोलला नाहीस ना, म्हणून मलाही जमलं नाही. सगळं सांगितलं. तू स्वतः सांगितलंस, हेही सांगितलं."

"ठीक आहे," प्रफुल्ल म्हणाला. "बरोबर केलंस." त्याला खरंच तसं वाटत होतं का, हे त्याला ठरवता येईना. हातातला कार्बॉय त्याने आम्लाने फिरवला, ओतला, घोडीवर उलटा ठेवला. फेस मानेतून सरकत खाली येत होता. नळीकडे हात गेला. त्याने तो मागे घेतला. सवय अंगातून अशी सहज जात नाही. त्या दिवशी तो हात सात-आठ वेळा मागे घ्यावा लागला.

सोमवारी दुपारी कारखान्यातून त्या बाईचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ. लॅबची जागा दुसऱ्याला दिली होती. "लॅबमध्ये आम्हाला पद्धतीत स्वतःचं काही न घालणारं माणूस लागतं," ती म्हणाली. "पण सॅनिटेशनच्या क्रूमध्ये एक जागा आहे. टाक्या, पाइपलाइन, चीजचे साचे. दुपारची पाळी, सहा महिने प्रोबेशन. तिथल्या सुपरवायझरने तुमचा किस्सा ऐकला. तो म्हणाला, आमच्याकडे चूक झाली की ती कुठे झाली हे शोधण्यातच आठवडा जातो, निदान हा माणूस सांगेल तरी. हवी आहे का?"

विचार करायला वेळ मागायचा असतो, हे प्रफुल्लला माहीत होतं. इंटरव्ह्यूच्या पुस्तकात तसं लिहिलं होतं. तो लगेच हो म्हणाला.

दीपा घरी आली तेव्हा तो बेसमेंटच्या पायरीवर बसला होता. तिने कोट न काढताच शेजारी बसून घेतलं.

"आला फोन?"

"आला."

"लॅब?"

"नाही. धुणं. टाक्या आणि पाइप."

तिने डोळे मिटले, उघडले. "म्हणजे दीड वर्षाने पुन्हा मोरीतच."

"मोठी मोरी आहे," तो म्हणाला. "आणि दुधाची."

"हो म्हणालात?"

"म्हणालो."

तिने हातमोजे काढले. मग कोपराने त्याला हळूच ढोसलं. "तिथेही भिंतीवर लिहिलेलं असेल ना काहीतरी?"

"असेलच."

"मग यावेळी वाचा म्हणजे झालं. गुरुजींनी सांगितलंय समजा. वाचा, आणि तेवढंच करा."

"तेवढंच करीन," तो म्हणाला आणि डोकं भिंतीला टेकलं. आतून ईशानी ओरडली, "आई, आय'म स्टार्व्हिंग!" कुकर लावायचा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिले.